व्यवस्थापन शिक्षण : पुणे की नांदेड?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त किल्लारी येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य कापड मोजण्यात गेले. संयोजकांनी मला 'उच्च शिक्षण आणि आपला समाज' असा विषय दिला, तेव्हा एवढा मोठा तागा उलगडायला माझी गादी पुरणार नाही, असे मी त्यांना सांगितले. म्हणून त्यातील एकच प्रश्न आज घेतो. आपल्या संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत हा प्रश्न गेली काही वर्षे हमखास असतो. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. झाली, व्यवस्थापनाची पदवी घ्यायची आहे. मग आपल्या नांदेड विद्यापीठाची घ्यावी की पुणे विद्यापीठाची?

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण तरुण मंडळींना तो ठाऊक नसतो. माझ्या वडिलांच्या पिढीला निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्यातील किती जण तिथवर पोहोचले असतील, याचा हिशेब करायला एका हाताची बोटे पुरतील. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. मी लातुरात बी.कॉम. झालो तो १९८२ साली, त्याच विद्यापीठातून. जानेवारी १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि नंतर परभणीतून वेगळा झालेला हिंगोली, हे जिल्हे त्याच्याकडे आले. तेरणेपलीकडचे सास्तूर धाराशिव जिल्ह्यात असल्याने जुन्या विद्यापीठाकडेच राहिले. भूकंपात एकाच पहाटे जमीनदोस्त झालेल्या शेजारच्या गावांची मुले त्यानंतर दोन वेगळ्या विद्यापीठांच्या परीक्षांना बसू लागली.

पुणे विद्यापीठ १९४९ सालचे. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आमच्या घरात आज तीन पदव्या आहेत. माझ्या पदवीवर 'मराठवाडा विद्यापीठ', पुतण्याच्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ' आणि माझ्या कन्येच्या पदवीवर 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ'. पहिली दोन नावे त्या स्वरूपात आता उरलेली नाहीत. पदव्या मात्र वैध आहेत.

या दोघांची हकीकत सांगतो. घरची गोष्ट चव्हाट्यावर का, असे सौभाग्यवतींनी विचारलेच. परंतु मी विश्वस्त म्हणून दुसऱ्याच्या मुलाच्या निवडीवर सही करतो, तेव्हा माझ्या निवडीचा हिशेब मी आधी मांडला पाहिजे.

पुतण्या २००६ साली पुण्यास गेला. आम्ही घरच्यांनी चौकशी केली ती एवढीच, की विद्यापीठ कोणते? उत्तर आले, 'पुणे विद्यापीठ.' झाले! पेढे वाटले. प्रवेश मिळालेल्या संस्थेचे नाव येथे घेत नाही, ते प्रयोजनही नाही. एका इमारतीचे दोन मजले, ग्रंथालय म्हणून चार कपाटे, आणि शिकवायला येणारे बहुतेक जण तासापुरते. दोन महिन्यांचे उन्हाळी प्रकल्पकार्य असते, म्हणजे एखाद्या कंपनीत जाऊन काम करायचे आणि अहवाल लिहायचा. त्याच्या वर्गातील कित्येकांनी तो अहवाल बाजारातून तयार आणून बांधून दिला. आमच्या चिरंजीवांनी काय केले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. २००८ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली आणि नोकऱ्यांचा बाजार एकदम गोठला. ज्या संस्थांची कंपन्यांशी वर्षानुवर्षांची ओळख होती त्यांची मुले कशीबशी लागली. याच्या संस्थेची ओळख होती ती फक्त जाहिरातवाल्यांशी. बँकेचे कर्ज होते. दोन वर्षे तो मिळेल ते काम करत पुण्यात राहिला आणि मग गावी परतला. आज तो आपल्या पायांवर उभा आहे, परंतु ते कर्ज दुकानाच्या उत्पन्नातून फेडले गेले, त्याच्या पदवीतून नव्हे.

आता कन्येचे. तिला २०१० साली पुण्यास जायचे होते. पुतण्याच्या अनुभवाने मी पोळलो होतो, ही माझी सबब. मी तिला लातुरात, नांदेड विद्यापीठाशी संलग्न अशा एका महाविद्यालयात घातले. तेथे एक प्राध्यापक भेटले. त्यांनी मुलांना दोन महिने लातूरच्या डाळ मिलमध्ये बसवले. तूर किती आली, डाळ किती उतरली, चुणी-भुसा किती, हमाली किती, आडत किती, पैसे किती दिवसांनी सुटले, हे रोज लिहायला लावले. खेळते भांडवल म्हणजे काय, हे मी बी.कॉम.ला पाठ केले होते. तिने ते पोत्यांत मोजले. आज ती सासरच्या व्यवसायाचा सारा हिशेब, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार एकटी सांभाळते. मी हे सर्वांना अभिमानाने सांगत असे. दोन वर्षांपूर्वी पर्युषणात ती माहेरी आली असता असाच सांगत होतो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्यासाठी विद्यापीठ निवडलं नाही. तुम्ही अंतर निवडलं. दादासाठी नाव पाहिलं आणि माझ्यासाठी किलोमीटर."

मला उत्तर सुचले नाही. क्षमावाणीच्या दिवशी तिची क्षमा मागितली, ती तिने हसून केली. पण तिचे म्हणणे खरे आहे. शिक्षण चांगले लाभले ते त्या प्राध्यापकांमुळे. मी त्यांच्याविषयी प्रवेशापूर्वी काहीच जाणून घेतले नव्हते. दोन्ही वेळा मी माल न पाहता सौदा केला. एकदा बुडालो आणि एकदा तरलो, एवढाच फरक.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे कळायला हवे होते. एके काळी ताग्याच्या काठावर मीटर-मीटरवर मिलचे नाव छापलेले असे. गिऱ्हाईक ते वाचून समाधान पावत असे. आमचे जुने मुनीम मात्र कापड हातात घेऊन सूत पाहत, पन्हा मोजत आणि कोपरा ओला करून खळ किती निघते ते बघत. नाव खोटे असते असे नव्हे, पण एकाच मिलचा एक ताग्यासारखा दुसरा तागा नसतो.

विद्यापीठाचे तेच आहे, आणि हे आपल्या पालकांना सर्वांत कमी माहीत असते. 'पुणे विद्यापीठ' म्हणजे एक इमारत नव्हे. विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापनशास्त्र विभाग आहे, 'पुम्बा' या नावाने तो ओळखला जातो आणि १९७१ पासून चालू आहे. त्याशिवाय त्या विद्यापीठाला संलग्न अशा खासगी संस्था पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत मोठ्या संख्येने आहेत. त्या सर्वांच्या पदवीवर नाव एकच. नांदेडचेही तसेच. विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठाचे स्वतःचे वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्र संकुल आहे, लातूरच्या उपकेंद्रात व्यवस्थापनशास्त्राचे संकुल आहे आणि शिवाय संलग्न महाविद्यालये आहेत. अभ्यासक्रमाची पत्रके शेजारी ठेवून मी पाहिली आहेत. लेखाशास्त्र, विपणन, वित्त, मनुष्यबळ, विषय तेच. कोटलर यांचे विपणनाचे पुस्तक दोन्हीकडे. तेव्हा 'पुणे की नांदेड' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणते वर्ग, कोणते शिक्षक, कोणती मुले सोबतीला, हे त्यात येतच नाही.

आणखी एक घोटाळा होतो तो नावांचा. एम.बी.ए. ही विद्यापीठाची पदवी. पी.जी.डी.एम. ही पदविका असते आणि ती संस्था स्वतः देते. तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही, ते पाहावे लागते. काही पदविका देशात नावाजलेल्या आहेत, काही निव्वळ कागद आहेत. फरक न समजता आपल्यातील दोन घरांनी पदवी समजून पदविकेचे शुल्क भरले होते.

तर मग पाहायचे काय? संस्थेच्या संकेतस्थळावर परिषदेच्या नियमानुसार अनिवार्य माहिती द्यावी लागते. तीत पूर्णवेळ शिक्षकांची नावे असतात. ती उतरवून घ्यावी, तेथे जावे आणि त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष भेटतात ते पाहावे. नोकरीच्या जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापतात. तो एका मुलाचा असतो. आपण विचारावा तो मधला पगार, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने लावले असता मधोमध येणारा. केंद्र सरकारची २०१६ पासून निघणारी राष्ट्रीय क्रमवारी आहे, तीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावा लागतो. पण माझा अनुभव सांगतो, सर्वांत खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असते आणि ती चहाच्या टपरीवर मिळते. मुख्याध्यापकाच्या दालनात ती मिळत नाही. (व्यवस्थापन संस्थेत त्यांना संचालक म्हणतात, हे मला तेथे गेल्यावर कळले.)

खर्चाविषयी बोलताना आपण संकोचतो. मी संकोचणार नाही. समजा, पाच लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी काढले आणि पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर दरमहा सुमारे १०,६०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण परतफेड ६ लाख ३७ हजारांच्या घरात जाते. शिकत असतानाचे व्याज यात धरलेले नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून पुण्यातील खोलीभाडे, जेवण आणि हा हप्ता वजा करून काय उरते, ते मुलाने स्वतः कागदावर मांडावे. ज्याला व्यवस्थापक व्हायचे आहे त्याची ही पहिली परीक्षा समजावी. घरी राहून किल्लारी-लातूर एस.टी.ने ये-जा करणाऱ्याचा खर्च याच्या काही हिश्शांनीच होतो.

मग सर्वांनी लातूरलाच राहावे का? तसे मी म्हणणार नाही. पुण्याच्या बाजूने मोठी गोष्ट आहे. चाकणचे कारखाने आणि हिंजवडीच्या कंपन्या तेथे आहेत, प्रकल्पासाठी त्यांच्या दारात जाता येते. दुसरे, भाषा. आपली मुले मराठी माध्यमातली. लातुरात शिक्षक इंग्रजीतील धडा मराठीत समजावतात, त्याने विषय पक्का होतो, हे खरे. पण मुलाखतीच्या गटचर्चेत तोंड उघडायची वेळ येते तेव्हा दोन वर्षे तसे बोलायची सवय लागलेली बरी. आपल्या 'लातूर पॅटर्न'ने दहावी-बारावीत गुण कसे मिळवायचे ते अवघ्या महाराष्ट्राला शिकवले, पण गुणवंतांची ती सारी गर्दी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीकडे गेली. वाणिज्य शाखेच्या मुलाला चार लोकांत उभे राहून बोलायला कोणी शिकवले नाही. ज्याला नोकरीच करायची आहे, परक्या शहरात घर करायचे आहे, त्याला चांगल्या संस्थेत जागा मिळत असेल तर पुण्यास जरूर पाठवावे. ज्याला डाळ मिल, आडत किंवा कापडाची गादी पुढे चालवायची आहे, त्याने आपल्या भागातील व्यवहार शिकवणारे शिक्षक शोधावेत. त्याची प्रयोगशाळा गंजगोलाईत आहे.

आणि पुण्यास पाठवायचे म्हणजे काय, हे आपल्या गावाइतके दुसऱ्या कोणाला माहीत असेल? अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता झाली, गणपती विसर्जन करून गाव निजले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते आपण भोगले आहे. त्यानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने या भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. त्या मुलांचे कल्याण 'पुणे' या नावाने झाले नाही. राहायला छत, वेळेवर जेवण, आजारी पडले तर उशाशी बसणारे कोणी, अभ्यासाला हटकणारे कोणी, ही सारी व्यवस्था त्यामागे होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरीणांनीही हेच ओळखले होते. त्यांनी विद्यापीठ काढले नाही, कोल्हापूर-सांगलीकडे बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहूनच शिकले. आपण मात्र मुलाच्या हाती धनादेश देतो आणि त्याला एकट्याला गाडीत बसवतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो माझ्या सहकारी विश्वस्तांसाठी आहे. आपल्या साहाय्य निधीच्या नियमांत एक वाक्य आहे : 'नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास प्राधान्य.' हे वाक्य लिहिणाऱ्या तिघांत मी एक होतो, म्हणून त्यावर टीका करण्याचा मला अधिकार आहे. या एका शब्दामुळे गेल्या काही वर्षांत पुण्याचा अर्ज वर गेला आणि नांदेडचा खाली राहिला, मग पुण्याची संस्था कशीही असो. आपल्या मदतीनेच आपण मुलांना नावाच्या मागे धावायला लावले. ज्ञानदान हे चार दानांपैकी एक मानणाऱ्या समाजाने ते डोळे मिटून करावे, हे मला पटत नाही. 'नामांकित' हा शब्द काढावा. त्याऐवजी अर्जदाराने पालकांसह संस्था पाहून आल्याचे एक पानी टिपण जोडावे आणि विश्वस्तांपैकी एकाने त्याच्याशी अर्धा तास बोलावे, असा नियम करावा, ही माझी सूचना आहे. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की यात वेळ जाईल. जाऊ द्या. शोरूमच्या कापडाला आपण यापेक्षा जास्त वेळ देतो.

जाता जाता दाखल्यांविषयी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'जैन' अशी स्पष्ट नोंद नसल्यामुळे अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांत आपली मुले अडतात. भूकंपापूर्वीच्या कागदपत्रांची तर गोष्टच वेगळी. ही दुरुस्ती प्रवेशाच्या आठवड्यात होत नसते, ती आठवी-नववीतच करून घ्यावी.

शेवटी, या वर्षीच्या एका अर्जाविषयी. ती मुलगी याच सभागृहात बसली आहे, म्हणून नाव घेत नाही. तिने सामायिक प्रवेश परीक्षा दिली आहे. या प्रवेशपद्धतीत पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत सुधारणा करता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचे, यावर दोन वर्षांचे आयुष्य ठरते. तिचे वडील 'पुणे' म्हणत होते, आजी 'लातूर' म्हणत होती आणि दोघांनी मला पंच नेमले होते. मी निवाडा दिला नाही. आम्ही तिघे, ती, तिचे वडील आणि मी, दोन्हीकडे जाऊन आलो. लातूरच्या उपकेंद्रात गेलो. पुण्यात विद्यापीठाचा विभाग पाहिला आणि तिच्या वडिलांच्या मनात भरलेली एक संलग्न संस्थाही पाहिली. त्या संस्थेत यादीतील शिक्षकांपैकी दोघेच भेटले. बाहेर टपरीवर तिने दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी तासभर गप्पा मारल्या. तिचे वडील आणि मी दूर उभे राहिलो, कारण आमच्यादेखत त्या बोलल्या नसत्या.

परतीच्या प्रवासात, सोलापूर यायच्या आत, तिने वहीच्या पाठच्या पानावर क्रम लिहून आमच्यापुढे धरला. पहिला, पुणे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग. दुसरे, नांदेड विद्यापीठाचे लातूर उपकेंद्र. तिसरी, पुण्याची ती संलग्न संस्था. पुणे वरही आणि खालीही, मध्ये नांदेड. वडील म्हणाले, "असं कसं? पुणं एकदा वर आणि एकदा खाली?" ती म्हणाली, "बाबा, दोन्ही पुणे एक नाहीत."

पहिल्या फेरीची यादी अजून लागायची आहे. तिचा साहाय्य अर्ज माझ्यापुढे आहे, आणि सध्याच्या नियमानुसार तिला दुसऱ्या पसंतीची जागा मिळाली तर तो यादीत खाली जाईल. तेवढ्या आत विश्वस्त मंडळाची बैठक व्हावी, अशी अध्यक्ष महोदयांना माझी विनंती आहे.

जय जिनेंद्र.